चुना न लागलेला तुकडा

ओल्या चुन्याचा वास आला की किन्हीराजा गावातलं आमचं घर आठवतं. इंग्रजी लिहिताना कुठल्या क्रियापदापुढे फॉर येतं, कुठल्यापुढे टू, हे माझ्या ध्यानातच राहायचं नाही, म्हणून मी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने जोड्या लिहून ठेवल्या होत्या. भीमजयंतीआधी बाबांनी घराला चुना मारला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तेवढा तुकडा त्यांनी सोडला. मी विचारलं, "बाबा, काहून सोडलं?" म्हणाले, "तुई परीक्षा होऊ दे, मंग मारतो." परीक्षेआधीच बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पाहुणे येणार म्हणून काकांनी सगळं घर पांढरं केलं, त्या तुकड्यासकट. आता ऑफिसात इंग्रजी पत्र लिहिताना मी अजून तिथेच अडते. नजर आपोआप वर जाते, आणि समोर पांढरीशुभ्र भिंत असते.