कूलर बंद करणारा अंकुश

प्रताप नगरातल्या अंकुशचं पोट कूलरवर चालतं. उन्हाळा लागला की पंप बसव, मोटार बदल, यातून त्याला मान वर करायला फुरसत नसते. रविवारी मात्र तो मोबाइल घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेत फिरतो आणि घरात शिरल्या शिरल्या कूलर बंद करतो. आवाज स्वच्छ यावा म्हणून. मे महिन्यात नागपुरात पाहुण्यानं असं करणं म्हणजे वैर ओढवून घ्यायचं काम.

वस्तीतल्या भीमाबाईंकडे मात्र तो हे विसरला. त्यांचा कूलर त्यानंच आदल्या दिवशी दुरुस्त केला होता, आणि आपल्या हातची हवा खात बसायची हौस कोणाला नसते? बाकी सगळं बरोबर होतं. भीमाबाईंचं तोंड खिडकीकडे, मोबाइल तांदळाच्या डब्यावर उभा. छप्पन साली, पाच वर्षांच्या असताना त्या वडिलांसोबत धम्मदीक्षेला आल्या होत्या. तो दिवस अनुभवलेल्यांपैकी वस्तीत आता त्या एकट्याच उरल्या होत्या. बुद्धपौर्णिमेला विहारात व्हिडिओ दाखवतो, असं अंकुश सगळ्यांना सांगून बसला होता. घरी येऊन इअरफोन लावला, तर ओठ भीमाबाईंचे हलत होते आणि बोलत होता कूलर.

पुढच्या रविवारी तो पुन्हा दारात.

"काहून गा, मागच्या वेळी खोटं बोलली का मी?"

"नाही आजी, कूलर बोलला मधे."

"तुनंच तं नीट केला."

अंकुशनं कूलरचं बटन बंद केलं, दुसरा मोबाइल आवाजासाठी त्यांच्याजवळ उशीवर ठेवला. भीमाबाईंनी दरवर्षीचं विहारातलं भाषण काढलं. "त्या ऐतिहासिक प्रसंगी जनसागर उसळला होता…" दोन वाक्यांत आटोपलं. "बाकी तं मागं सांगतलंच. लाव कूलर. भिजून राहिला तू घामानं."

अंकुशनं मग मुद्दाम वाकडं विचारलं. "बैलगाडीनं आल्या न तुमी, आरामात?"

"कोन म्हनते बैलगाडी? पायी आलो, पायी. मायनं भाकरी बांधल्या. मी बापाच्या पाठीवर."

"अन् बसल्या एकदम समोर."

"समोर कायची? पार मागं होतो. अन् मी तं…" भीमाबाई थांबल्या, पदराआड हसल्या. "मी झोपून गेली होती गा. सगळ्याइनं पायलं, मी झोपली. भाषनात कसं सांगू?"

अंकुशनं नाकावरचा घामसुद्धा पुसला नाही.

"जाग आली तं सगळे एका आवाजात बोलून राहिले होते. माझा गाल बापाच्या पाठीले लागून होता. त्याचा आवाज पाठीतून येऊन राहिला होता. शब्द नाही समजले. गालाले गुदगुल्या झाल्या, मी हासली. बाप रागावला नाही."

अंकुशनं आधी इअरफोन लावून पाहिलं. हसू स्वच्छ ऐकू येत होतं, मागे कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटी. मग त्यानं कूलरचं बटन दाबलं. कूलर ढिम्म.

"बंद करता येते फक्त तुले," भीमाबाई म्हणाल्या.

अंकुश स्क्रूड्रायव्हर घेऊन कूलरमागे शिरला. तिथूनच त्यानं विचारलं, "आजी, झोपेचं दाखवू न विहारात?"

भीमाबाईंनी जरा विचार केला.

"दाखव. पन आवाज मोठा ठेव."