सुईवाचून बरी झाले

"हिपॅटायटिस सी आहे, आणि सिरोसिस सुरू झालाय," अमरावतीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "मंग सुई कधी देता?"

त्यांनी कागदावर चित्र काढलं. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून येणारा विषाणू. सिरोसिस म्हणजे त्यानं लिव्हर कडक, गाठीगाठींचं होणं. मी दारूला कधी शिवले नाही, तरी आमच्या पातूरकडं लिव्हरचं नाव काढलं की लोक तोंडाचा वास घेऊन पाहतात.

वर्षभर शिलाई मशीनवर बसल्याबसल्या डोळा लागायचा. मी गावच्या डॉक्टरकडून ताकदीची सुई टोचून घ्यायचे. आमच्याकडं गोळ्या देणारा डॉक्टर कच्चा, सुई देणारा पक्का. लहानपणी तर उकळलेल्या एकाच सुईनं अख्खी रांग टोचलेली मी पाहिली आहे.

"कदाचित तिथूनच आलं असेल. नक्की सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

मी आधी चिडले, मग रडले. मला मरायचं नव्हतं, सरळ सांगते.

औषध काय, तर रोज एक गोळी, बारा आठवडे. अँटिव्हायरल, म्हणजे विषाणू मारणारी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली. एवढ्याशा गोळीनं काय होणार, म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी गुपचूप अकोल्याला सुई घ्यायला निघाले. ह्यांनी फाट्यावर गाठलं.

"कुठी चालली?"

"सुई घ्याले. तुमाले काय समजते?"

"त्या सुईनंच तुले इथवर आणलं, अन् तिचेच पाय धरून राहिली?"

फाट्यावरूनच घरी परत आले. त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही. त्या वर्षी कपाशीनं दगा दिला होता, पण हे रोज सकाळी आधी माझी गोळी पाहायचे, मग शेताकडं जायचे.

गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून व्हायरल लोड केला. रक्तात विषाणू किती उरलाय, ते त्यात कळतं. रिपोर्टाच्या दिवशी मॅडमसमोरच्या बाकावर जाऊन बसले.

"नॉट डिटेक्टेड. सापडला नाही," मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा नीट पाहाले सांगा ना मॅडम. लपून बसला असन."

त्या खूप हसल्या. "काकू, तो उरलाच नाही. म्हणून सापडला नाही."

सिरोसिस आहेच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, ती मी करते. तुमच्यापैकी कुणाला असा थकवा असेल तर रक्त तपासून घ्या, अन् सुई घ्यावीच लागली तर नवं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा.

परतीच्या एसटीत आमचे हे ज्याला त्याला सांगत सुटले, "हिच्या रक्तात कायीच सापडलं नाही."

पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून विचारलं, "काहीच नाही? मंग रक्त तरी हाय का?"

सगळी गाडी हसली. सगळ्यात जास्त मी हसले. मी जगणार होते.