एकेक मामा

कॉम्प्युटरला कूलर लावणारा अमरावतीतला पहिला माणूस बहुधा मीच असेन. मे महिना होता. बायकोचा, म्हणजे वंदनाचा, कॉम्प्युटर सारखा ठप्प होत होता. या उन्हात आपलं डोकं चालत नाही, त्याचं काय चालणार, असं म्हणून मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि घरातला मोठा कूलर टाकी भरून त्याच्यासमोर लावला. थोड्याच वेळात आतल्या बोर्डावर पाण्याचे बारीक थेंब जमले. मी खूशच होतो, कॅबिनेटला वाळ्याचा वास येत होता. वंदनानं आधी प्लग ओढला, मग अकोल्याला मामांना फोन लावला.

तिच्या या मामांना सगळं घर ‘एकेक मामा’ म्हणायचं. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी आधी सगळी वांग्याची भाजी संपवली, मग नुसत्या पोळ्या, मग नुसता भात. जड कशानं झालं ते नंतर कळलं पाहिजे, हे त्यांचं कारण. वाढपी बिचारा भाजी घेऊन परत परत यायचा. अकोल्यात आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर असं जे जे बंद पडत गेलं ते दुरुस्त करत त्यांनी संसार केला होता, आणि आपल्यासारखा कारागीर वऱ्हाडात दुसरा नाही हे ते स्वतःच सांगत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मामा आले. कॅबिनेटमध्ये डोकावले, वास घेतला आणि म्हणाले, “जवाईबापू, याले आंघोळ घातली का?”

वंदनाला मात्र हसू येत नव्हतं. घरी बसून लग्नपत्रिका करायचं तिचं काम नुकतंच जम धरत होतं. तेल्हाऱ्याच्या एका कुटुंबाची मंगल परिणयाची पत्रिका होती, वर बुद्धमूर्ती, भोवती कमळांची किनार. संध्याकाळपर्यंत ती छापखान्यात पोचली नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं, आणि त्यांच्या नात्यातली पुढची सगळी लग्नंही.

बोर्ड पूर्ण कोरडा झाल्याशिवाय मामांनी बटणाला हात लावू दिला नाही. मग त्यांनी रॅमवर संशय घेतला. एक पट्टी काढली, चालवून पाहिलं, ठप्प. ती लावली, दुसरी काढली, पुन्हा ठप्प. मला राहवेना. मी सुचवलं, रॅम बदला, विंडोजही नवीन टाका, सगळं एकदमच करून टाका.

“दोन गोष्टी संगंच बदलल्या तं गुन कायनं आला हे मले कोन सांगन?” मामा म्हणाले. “तुमी चहाचं पाहा.”

चहा घेऊन आलो तेव्हा वंदना सांगत होती, “मामा, नावं टाइप करते तवरिक काई होत नाई. कमळं आनली का माऊस गोठते.”

मामांनी कप खाली ठेवला. “हे पहिले सांगाचं ना, बाई. मी इथं रॅमले बदनाम करून राहिलो.”

मग मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. या कॉम्प्युटरला चित्रं दाखवायला वेगळं कार्ड नव्हतं. बोर्डावरची चिप माहितीची सगळी ये-जा सांभाळून वर पडद्यावरची चित्रंही काढत होती. “सैपाकबी तिनंच कराचा आन वाढाचंबी तिनंच. पाव्हने वाढले का बसते डोकं धरून.” त्यात चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीखालची पेस्ट वाळून गेली होती, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नव्हती.

त्यांनी नवी पेस्ट लावली. कमळं आली, थोडा वेळ टिकली आणि पुन्हा सगळं गोठलं. मामांच्या रेक्झिनच्या पिशवीत एक जुनं ग्राफिक्स कार्ड होतं, पण ते त्यांनी तेव्हाच बाहेर काढलं, आधी नाही. कार्ड बसवून मॉनिटरची वायर त्यात खोचली. वंदनानं फाइल उघडली. बुद्धमूर्ती आली. एका बाजूची कमळं आली, मग दुसऱ्या बाजूची. तिनं माऊस हलवून पाहिला आणि मग खुर्चीत नीट टेकून बसली. पत्रिका दिवस मावळायच्या आत छापखान्यात गेली. त्या कुटुंबाची नंतरची सगळी लग्नं आमच्याच घरातून निघाली, आणि प्रत्येक पत्रिका वंदना मामांना दाखवायला अकोल्याला पाठवायची.

मामा आता नाहीत. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या एकदम बदलल्या, तेव्हा ते म्हणाले होते, “एकेक करा साहेब, मले घाई नाई.”

परवा ऐन लग्नसराईत वंदनाचा नवा कॉम्प्युटर अडकला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावलो, एका हातानं वायर हलवली, दुसऱ्यानं बटण दाबलं, कूलरकडेही एकदा नजर गेलीच. वंदनानं माझा हात धरून थांबवलं.

“मामासारखं एकेक करून पाहू,” ती म्हणाली. “पहिले तुमी खोलीच्या बाहेर जा. मंग पाहू, हँग होते का.”