काकूंना संध्याकाळ दिसेना

"आधी आरशात बघ, मग नवऱ्याकडे," असं म्हणत काकू आम्हाला गाडी शिकवायच्या. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या डब्लिन गावात नव्याने आलेल्या, नवऱ्याकडून ड्रायव्हिंग शिकताना रडकुंडीला आलेल्या कितीतरी मराठी मुली त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. मीही त्यांतलीच.

अशी बाई अचानक संध्याकाळची बोलावणी टाळू लागली. जावई डॉक्टर मिळाला, आता आम्ही कशाला हव्यात, अशी कुजबुज झाली. माणसं किती पटकन निकाल देऊन मोकळी होतात, तुम्हीही पाहिलं असेल. खरं म्हणजे ऊन उतरलं की काकूंना रस्ताच दिसत नव्हता. एका तिन्हीसांजेला त्यांनी शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सवर गाडी घातली, तेव्हा ते आम्हाला कळलं.

एका डॉक्टरने चष्मा बदलला. दुसऱ्याने वय झालं म्हटलं; काकूंनी पन्नाशीही गाठली नव्हती. मैत्रिणींनी गाजरं सुचवली. कोशिंबीर, हलवा, रस, सगळं झालं. "आता कान लांब व्हायचेच बाकी आहेत," त्या म्हणाल्या. पण दिसेना ते दिसेनाच.

मग डोळे कोरडे पडले आणि उजव्या बुबुळावर जखम झाली. तेव्हा इमर्जन्सीतल्या एका तरुण डॉक्टरणीने पहिल्यांदा विचारलं, पोटाचं कधी ऑपरेशन झालंय का? झालं होतं. वजन उतरावं म्हणून काही वर्षांपूर्वी आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी केली होती. त्यामुळे खाल्लेल्या अन्नातलं अ जीवनसत्त्व अंगी लागतच नव्हतं. इंजेक्शनं दिल्यावर संध्याकाळचं पुन्हा दिसू लागलं. उजव्या डोळ्यातला पांढरा डाग मात्र गेला नाही.

काकू त्या सर्जनकडे गेल्या. मी सोबत होते. असं क्वचित होतं, तो म्हणाला.

"मग तेवढं तरी मला सांगायचं होतंत," काकू म्हणाल्या.

सगळं सांगत बसलं तर पेशंट उगाच घाबरतात, असं त्याचं उत्तर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका वाक्याची गोष्ट होती. तेवढंही बोलायचे कष्ट या माणसाने घेतले नव्हते, आणि वर भित्रं कोण, तर काकू!

काकू उठल्या. बाहेर वेटिंग रूममध्ये बसलेल्या बायकांसमोर उभं राहून, आपल्या साध्या इंग्रजीत, त्यांनी स्वतःची सगळी हकिकत सांगितली. रिसेप्शनिस्टने त्यांना निघायला सांगितलं, तरी शेवटचं वाक्य पुरं करूनच त्या निघाल्या.

पुढच्याच महिन्यात त्या मुलीकडे टेक्सासला राहायला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. आठवतं ते त्या दिवशीचं पार्किंग. एक स्थूल अमेरिकन बाई धापा टाकत आमच्या मागे आली होती. जीवनसत्त्वाचं नाव तिला परत ऐकायचं होतं. भर उन्हात काकू तिचा हात धरून उभ्या होत्या, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत, तिला सांगत होत्या.