रोमचे मारेकरी आणि घाटकोपरचा वन्स मोअर

रोमच्या हुकूमशहाला एकाच संध्याकाळी तीनदा मारणारा जगातला एकमेव लेखक मीच. इतिहासात तो बिचारा एकदाच मेला. घाटकोपरच्या डोंगरावर मात्र तो दोनदा उठला आणि पुन्हा मेला, आणि प्रत्येक वेळी विंगेत उभा असलेला मीही त्याच्याबरोबर थोडा थोडा मेलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि आमच्या डोंगरावरची निम्मी माणसं मिळेल ते काम करत होती. चढण इतकी उभी की वरच्या घरातली बाई भाकरी थापायला बसली की पीठ आमच्या चहात पडायचं. या डोंगरावर राज्य होतं मंडळाच्या अध्यक्षांचं. त्यांची बायकोसुद्धा त्यांना ‘अध्यक्ष, जेवायला या’ म्हणते अशी बोलवा होती. पाण्याची लाइन वर त्यांनी आणली, हे खरं. तिची चावी त्यांच्या कमरेला, हेही खरं. खोली मिळायची ती त्यांच्या शब्दावर, जायची तीही त्यांच्या शब्दावर. आदल्या वर्षी एक जण त्यांच्याशी हुज्जत घालून कामाला गेला आणि परत आला तर त्याचा संसार पायऱ्यांवर मांडलेला, स्टोव्हसकट. माझी खोलीही त्यांचीच. बायको, दोन मुली आणि मी.

मंडळाच्या सत्यनारायणाला संध्याकाळी नाटक व्हायचं. दरवर्षी तेच सासूसुनेचं. मी म्हटलं, आता रोम. का म्हटलं, देव जाणे. वाचनालयातून रोमच्या त्या खुनावरची तीन पुस्तकं आणली होती, ती डोक्यात गेली होती, बस.

खून एकच, पण तीन पुस्तकं वाचून तीन वेगळे खून झाल्यासारखं वाटत होतं. एकात मारेकरी म्हणजे देश वाचवायला निघालेले वीर. खून पचवून वर नाण्यावर खंजिराचं चित्र पाडून घेणारे, असे छातीठोक. दुसऱ्यात लिहिलं होतं की पुढे कुणा इटालियन कवीनं त्यांच्या दोघा म्होरक्यांना नरकाच्या अगदी तळमजल्यावर सैतानाच्या तोंडात टाकलं. सैतान त्यांना युगानुयुगं चघळतोय, गिळतही नाही आणि थुंकतही नाही. तिसऱ्यात त्यांतला मुख्य जण भला माणूस निघाला, मित्रावर जीव असलेला, फक्त अंदाज चुकलेला. खंजीर तोच, वार तोच, मेलेलाही तोच. लिहिणारा बदलला की मारणाऱ्याच्या डोक्यावर कधी मुकुट, कधी जोडे. त्याच तिसऱ्या पुस्तकाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की खुनानंतर चवताळलेल्या लोकांनी एका कवीला भर रस्त्यात फाडून टाकलं. कटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हे पान मी वाचायला नको होतं.

मी वीरांचं नाटक लिहिलं. हुकूमशहाच्या कामाला चाळीतला जाडा शिंपी घेतला. मुख्य मारेकरी माझा भिंतीपलीकडचा शेजारी, मालवणकडचा, गिरणी सुटल्यावर वॉचमन झालेला. बाकीचे पाच मारेकरी त्याचे पत्त्यांतले सोबती. हे सहाही जण येत्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या विरोधात उभे राहणार आहेत, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी रोममध्ये होतो.

त्यात कपडे. रोमन लोक काय नेसायचे, असं शिंप्यानं विचारलं. मी म्हटलं, पांढऱ्या चादरी. घरोघरच्या चादरी जमल्या. पण हुकूमशहाला जरा झोकदार हवं, म्हणून त्या गृहस्थानं मला न विचारता थेट अध्यक्षांच्या घरून त्यांचं जरीकाठी उपरणं मागून आणलं. प्रत्येक समारंभात अध्यक्ष खांद्यावर टाकायचे, तेच. तालमीत ते उपरणं पांघरून शिंपी पडला आणि सहा जण त्याच्यावर तुटून पडले. दाराशी बघत उभ्या असलेल्या बायका हंडे तिथंच ठेवून घरोघर पळाल्या.

दुसऱ्या दिवशी मला मंडळाच्या ऑफिसात बोलावणं आलं. अध्यक्ष सुपारी कातरत होते. मी गेलो तसा अडकित्ता थांबला, आणि मला आजही वाटतं की त्याबरोबर भिंतीवरचं घड्याळही थांबलं.

“या लेखक. बसा. नाटकात मरतं कोण?”

“राजा. म्हणजे राजा नाही, राजा व्हायला निघालेला.”

“आणि मारतं कोण?”

“त्याचीच माणसं.”

“त्याच्याच हाताखाली मोठी झालेली?”

“साधारण.”

“मग मारणारे चांगले की वाईट?”

समोर उघड्या खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या आणि त्या पायऱ्यांवर मला माझा स्टोव्ह दिसायला लागला.

“वाईट, अध्यक्षसाहेब. एकदम वाईट. नरकात जातात.”

“असं होय,” ते म्हणाले आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला. “मग बघायला येईन.”

घरी येऊन मी सहाही मारेकऱ्यांना नरकात घातलं. सैतान आणला, त्याचे दात आणले. संध्याकाळी तालमीत ते वाचून दाखवलं, तसा शेजारी मागोमाग खोलीत घुसला. पत्र्याचा खंजीर हातातच होता.

“माझा काय चुकला रे? मी नरकात कित्याक जाऊ?”

“अरे, नाटकात.”

“नाटकात पब्लिक बघतला मा? उद्या सभेत उभो रवलंय तर म्हणतले, ह्यो बघा, सैतानान चघळलेलो. माका चांगलो कर. नायतर लक्षात ठेव, आपली भिंत एकच आसा.”

भिंत म्हणजे पत्रा आणि वर्तमानपत्र. त्यातून त्याचा खोकलासुद्धा आमच्या ताटात येऊन पडायचा. मी त्याला चांगला केला. तो गेल्यावर अध्यक्षांचा माणूस उगाचच दारावरून गेला, म्हणून परत वाईट केला. आठवडाभर हेच. जगाला जे करायला दोन हजार वर्षं लागली ते मी सहा दिवसांत दहादा केलं, आणि तेही दाराला आतून ट्रंक लावून.

बायको शांतपणे तांदूळ निवडत बघत होती. म्हणाली, “अहो, दोघांनाही चांगलं करा ना.”

“मग मारलं कशाला असं विचारतील.”

“विचारू देत. तुम्हाला तरी कुठं माहितीये?”

शेवटी मी खुनानंतरचं भाषण लिहिलंच नाही. शेजाऱ्याला म्हटलं, तू पुढं ये, मी विंगेतून सांगीन ते म्हण. काय सांगणार होतो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पूजेच्या दिवशी तीर्थप्रसाद झाला आणि उजेड असतानाच पडदा वर गेला. एवढी गर्दी की डोंगर दोन बोटं खाली खचला. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हार घातलेल्या खुर्चीत.

आता आमच्या डोंगराची एक खोड सांगायला हवी. दुसरीकडे लोक गाण्याला वन्स मोअर देतात. आमच्याकडे कशालाही. आदल्या वर्षी सासूनं सुनेला मारलेल्या थपडेला मिळाला होता आणि सुनेचा गाल पूजेचा मंडप निघेपर्यंत सुजलेला होता. वन्स मोअर आला की द्यायचाच, नाहीतर पब्लिक नाटक पुढं सरकू देत नाही.

सहा खंजीर चालले. शिंपी जरीकाठी उपरण्यात कोसळला. मग मागून एक आवाज आला, “वन्स मोअर.” आणि मग सगळा डोंगर तेच म्हणायला लागला.

शिंपी उठला, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा मेला. या खेपेला वार जास्त मनापासून होते. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा मरायला उठताना तो पुटपुटला, “अरे, हळू मारा, खरंच लागतंय.” मी मात्र स्टेजकडे बघतच नव्हतो. मी अध्यक्षांच्या मानेकडे बघत होतो. ती मान हळूहळू मागे वळली. ज्यांना त्यांनी पाणी दिलं, खोल्या दिल्या, ते सगळे हसत हसत आणखी एकदा मारा म्हणून ओरडत होते. त्यांच्या उपरण्याला.

अध्यक्ष उठले आणि पायऱ्या चढून स्टेजवर आले. माइक हातात घेतला. आवाज विझला.

“लेखकाला बोलवा.”

मला त्या पुस्तकातल्या, भर रस्त्यात फाडलेल्या कवीची आठवण झाली. मी बाहेर आलो. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला खंजीर घेतलेला शेजारी, मध्ये धापा टाकणारं प्रेत.

“सगळ्यांसमोर सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “हे मारणारे चांगले की वाईट?”

समोरच्या गर्दीत माझ्या दोन मुली होत्या. एकीच्या हातात प्रसादाचा द्रोण. मी तोंड उघडलं, आणि मुकुट आणि जोडे दोन्ही विसरून, पोटात जे होतं तेच बाहेर पडलं.

“ते घाबरलेले होते, साहेब. फार घाबरलेले होते.”

“मी काय घाबारलंय नाय हां,” शेजारी पुटपुटला. कुणी हसलं नाही.

अध्यक्ष हसले. माइक गर्दीकडे वळवला. “घाबरलेले म्हणे. का रे, इथं मला कुणी घाबरतं का?”

‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? एवढी माणसं होती. पण एकानंही म्हटलं नाही. बायका हातातल्या द्रोणांकडे बघत होत्या, पुरुष पायांकडे. माइकमधून फक्त शिंप्याचा श्वास ऐकू येत होता.

हसू अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्यांनी खाली शिंप्याकडे पाहिलं, सहा खंजिरांकडे पाहिलं. मग खाली वाकून उपरणं काढून घेतलं, पण खांद्यावर टाकलं नाही. घडी करून काखेत धरलं.

“नाटक छान आहे,” ते म्हणाले. “झालं. पडदा टाका.”

पडद्यामागे त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, गेलो. पण त्यांचा हात माझ्याहून गार होता.

“लेखक, घरापर्यंत चला माझ्याबरोबर.”

आम्ही दोघं पायऱ्या चढायला लागलो. ते मधोमध चालेनात, भिंत धरून चालत होते आणि मला उताराच्या बाजूला ठेवत होते. मागून ते सहा जणही येत होते, चादरींतच. त्यांची काय चूक, त्यांची घरं त्याच गल्लीत. अध्यक्ष दर थोड्या पायऱ्यांनी थांबून त्यांना पुढं जायला सांगायचे आणि ते आदबीनं म्हणायचे, “नाय नाय, तुमी पुढे व्हा.”

दाराशी अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, “खोलीची काळजी करू नका. तुम्ही राहा. जवळच राहा.”

मी मान हलवली. दार लागलं. आतून एक कडी सरकली, मग दुसरी, आणि मग काहीतरी जड, बहुतेक कपाट, फरशीवरून दाराकडे ओढत आणल्याचा आवाज आला.