माउंट अबूला राहिलेली गोणी

दुधनी गावात सिद्धारामच्या भावाचं किराणा दुकान आहे. दरवर्षी जानेवारी सरता सरता सिद्धाराम त्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचा आणि राजस्थान सांगायचा. उदयपूरचा राजवाडा, तळ्यातला महाल, वाळूत बुडणारा सूर्य. ऐकणारे चहा थंड होईपर्यंत ऐकत. सोलापूरच्या एका यात्रा कंपनीच्या बसबरोबर तो एकोणीस वर्षं आचारी म्हणून जात होता, त्यामुळं त्याच्या शब्दावर कुणी शंका घ्यायचं कारण नव्हतं.

खरी गोष्ट एवढीच होती, की यातलं काहीही त्यानं पाहिलेलं नव्हतं. मंडळी किल्ला बघायला निघाली की आचाऱ्यानं भाजी चिरायची, मंडळी परत आली की वाढायचं, आणि मंडळी झोपली की पातेली घासून बसच्या डिकीत भरायची. त्याला ठाऊक होती ती धर्मशाळांची मागची अंगणं. कुठल्या गावात नळाला पाणी कधी येतं, सिलिंडर कुठं मिळतो, कुठली माकडं पोळ्या पळवतात, हे तो झोपेत सांगेल. बाकीचं सगळं पंगतीतल्या गप्पांमधून वेचलेलं. आपण काही लपवतोय असं त्याला कधी वाटलं नाही. जातो तर आपण खरंच की!

एका वर्षी कंपनीनं त्याच्या जोडीला पारूबाईला दिलं. पंचेचाळिशीची बाई, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं भाकऱ्या थापलेली. मंडळींचं वय वाढत चाललेलं, तेलकट पुऱ्या कुणाला सोसत नव्हत्या, म्हणून मालकाचा मुलगा उदयसिंह म्हणाला, "मामा, भाजी-आमटी तुमची, भाकरी मावशींची." उदयसिंहच बसबरोबर व्यवस्थापक म्हणून असायचा. सिद्धारामनं मान डोलावली. भाकरी थापायला बाई आली तर आपलं काय जातंय?

पहिल्याच मुक्कामात त्याला कळलं काय जातंय ते. उदयपूरच्या धर्मशाळेत पारूबाईनं ज्वारीची पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकरी वाढली आणि बरोबर घरून कुटून आणलेली शेंगाचटणी. पंगतीत गलका उडाला. निवृत्त शिक्षिका वैजयंतीबाई, ज्या गेली तीन वर्षं सिद्धारामच्या वांग्याची तारीफ करत आल्या होत्या, त्या वांग्याकडं न बघता म्हणाल्या, "पारूबाई, अहो, घरी बसून जेवल्यासारखं वाटलं हो!" सिद्धाराम वांग्याचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

हे एक वेळ त्यानं गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी जे झालं ते मात्र घशाखाली उतरेना. पारूबाई उजाडायच्या आधी उठली, आठ वाजेपर्यंत दुपारच्या सगळ्या भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या, हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि सरळ उदयसिंहपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, माजं काम झालंय. मी बी येऊ का राजवाडा बघाया?"

"चला की मावशी. मागं एक सीट रिकामीच आहे."

झालं! बस निघून गेली. सिद्धाराम कांदा चिरत होता. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यानं बरं झालं.

दुपारी पारूबाई परतली ती तोंडभर हसत. "आण्णा, त्यो काचंचा मोर! भिंतीत बशिवलाय, पर आत्ता उडंल असं वाटतंय. तुमी तर धा येळा बघितला असंल."

"ठाव हाय मला," सिद्धाराम म्हणाला. "तीन मोर हायती."

तीन की पाच, त्याला काय माहीत! कधीतरी पंगतीत ऐकलेलं. पण पारूबाई म्हणाली, "व्हय, तीनच," आणि त्याला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी आणखीच राग आला. एकोणीस वर्षांत जमवलेलं ही बाई एका सकाळीत बघून आली होती. आणि तिला साधं विचारावं लागलं होतं, बस्स. तो आपल्याला विचारायचं सुचलंच नाही म्हणून स्वतःवर रागवायचा, पण तो राग वळून जायचा तिच्याच अंगावर.

माउंट अबूला थंडी मरणाची. दोन दिवस पारूबाई तळ्यावर गेली, डोंगरावर गेली, संगमरवरी देवळं बघून आली आणि तरी एकही भाकरी कमी पडली नाही. रोज संध्याकाळी ती फोनवर आपल्या लेकीला, साक्षीला, दिवसभराचं सांगायची. "अगं दगडाची जाळी अशी, जणू सुताची विणलीया..." सिद्धाराम पलीकडं डाळ धूत ऐकायचा. एका अंगानं त्याला ते ऐकायचं असायचं, आणि दुसऱ्या अंगानं वाटायचं, हिचा फोन बंद पडावा.

तिसऱ्या दिवशी पहाटे जोधपूरकडं निघायचं होतं. डिकी भरून झाली. निघण्याआधी खोल्यांवरून एक नजर टाकायची, हे काम वर्षानुवर्षं सिद्धारामचं. त्यानं स्वयंपाकाच्या खोलीत डोकावलं. दाराच्या मागं ज्वारीच्या पिठाची गोणी उभी होती. उरलेल्या यात्रेचं सगळं पीठ त्यातच होतं. सिद्धारामनं ती पाहिली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सिद्धारामनं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि बसमध्ये येऊन बसला.

"सगळं घेतलं ना मामा?" उदयसिंहनं विचारलं.

"घेतलं."

जोधपूरला डिकी उघडल्यावर पारूबाईला पिठाची गोणी दिसेना. तिनं सगळ्या पिशव्या दोनदा उपसल्या. मग स्वतःहून उदयसिंहकडं गेली. "माज्याच हातनं ऱ्हायलं साहेब. देवळं बघायच्या नादात ध्यान न्हाय ऱ्हायलं. कामाला आले आन् फिरत बसले. आता न्हाय जायची कुटं."

सिद्धाराम चार पावलांवर होता. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं परातीत कणीक काढली. ज्वारीचं पीठ तिथल्या बाजारात मिळेना, म्हणून त्या रात्री त्यानं पुऱ्या तळल्या. मंडळींनी कुरकुरत खाल्ल्या, वैजयंतीबाईंनी दीड पुरी खाऊन हात धुतला. दुसऱ्या दिवशी मंडळी मेहरानगडला गेली तेव्हा पारूबाई खरंच थांबली, खाली मान घालून लसूण सोलत बसली. सिद्धारामला हेच हवं होतं. पण तिच्या शेजारी बसून त्याला मसाला वाटवेना. दोनदा मीठ टाकलं.

जैसलमेरला उतरल्यावर पारूबाई हॉटेलच्या मागं राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईशी हातवारे करून बोलताना दिसली. भाषा एकीची दुसरीला कळेना. तरी तासाभरानं ती बाजरीचं पीठ घेऊन आली, तूपगूळ घेऊन आली, आणि त्या म्हातारीनं दाखवल्यासारख्या जाड भाकऱ्या थापल्या. पंगत अशी रंगली की मंडळींनी तिला ओढत नेलं वाळूच्या टेकड्यांवर. वैजयंतीबाईंनी स्वतःच्या हातानं तिला उंटावर बसवलं. फोटो सिद्धारामलाही दाखवले: पारूबाईचा पदर वाऱ्यावर, डोळे मिटलेले, तोंड उघडं. ओरडत असावी.

सिद्धाराम रात्रभर कुशी बदलत राहिला. जळफळाट तर होताच, पण आता त्यात लाजही मिसळली होती, आणि ते मिश्रण त्याला पेलवेना. सकाळी तिनं चूल पेटवायच्या आत तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"पारूबाई, ती गोणी मी बघितली हुती. दाराच्या मागं. बघून दार लावलं."

तिला कळल्यासारखं दिसेना. मग हातातली काडेपेटी खाली ठेवली. "कशापायी?"

"तुमी समदं बघताय म्हनून."

"म्हंजी?"

"मी काई बघितलेलं न्हाय. एकोणीस वर्सांत एक भी किल्ला न्हाय. त्यो मोर भी न्हाय."

पारूबाईचा आवाज चढला नाही. "म्या माज्या लेकीला फोनवर रडून सांगितलं की नोकरी जातीया माजी. दोन दिवस मान वर केली न्हाय म्या. साहेबांना सांगनार न्हाय मी, तुमचं वय हाय. पर माज्याशी बोलू नगा."

आणि खरंच ती बोलली नाही. जैसलमेर ते जयपूर, वाटेतला बिकानेरचा मुक्काम धरून. मीठ हवं असेल तर उठून स्वतः घ्यायची.

जयपूरला सकाळी आमेरच्या किल्ल्यावर जायचं होतं. सिद्धारामनं आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवली होती. उदयसिंहपुढं उभं राहिल्यावर त्याचे शब्द अडखळले. "उदय, मी... आज मी आलो तर चालंल का? वर?"

"चला की! त्यात विचारायचं काय?" उदयसिंह हसला. "मामा, इतकी वर्षं तुम्ही कधी म्हणालाच नाही. मला वाटलं तुम्हाला कंटाळा येतो."

हे ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी कुणीतरी काळजाला चिमटा घेतल्यासारखं झालं. तो दगडी चढ चढला, गुडघे बोलायला लागले, आरशांच्या महालात गर्दीत ढकलला गेला. एका खिडकीतून समोरचा डोंगर आणि त्यावरून सापासारखी गेलेली भिंत दिसत होती. तिथं तो बराच वेळ थांबला. शेजारचे लोक फोटो काढून पुढं जात होते. त्याला त्या प्रत्येकाचा हेवा वाटत होता: ही पोरं विशी-पंचविशीत आली होती, आणि आपण पन्नाशी उलटल्यावर.

परत आला तेव्हा पारूबाई ताटं मांडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कसा हाय किल्ला?"

"लई चढ हाय," सिद्धाराम म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "चांगला हाय."

"पानी प्या," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी कंपनीनं पारूबाईला सिमल्याच्या बसवर मुख्य आचारी म्हणून पाठवलं. सिद्धाराम राजस्थानलाच गेला, आणि आता प्रत्येक गावी एक सकाळ मागून घेतो. पण एका दुपारी वैजयंतीबाईंनी त्याला पारूबाईनं फोनवर पाठवलेला, बर्फात उभी असलेला तिचा फोटो दाखवला, तेव्हा त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बर्फ त्यानं अजून पाहिलेला नाही.