सैल राहिलेलं झाकण

लालबागच्या एका दवाखान्यातून टीबीच्या तपासणीचे नमुने लॅबमध्ये पोचवायचं काम मी करते. रुग्णाच्या बेडक्याची नळी, तिच्याभोवती कापूस, मग झिपची पिशवी, मग बर्फाचे पॅक भरलेली निळी पेटी. पेटी आडवी करायची नाही, उन्हात ठेवायची नाही. बसमध्ये कुणी विचारलं तर आत काय आहे ते सांगायचं नाही. एकदा सांगितलं होतं, तर शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली.

त्या मे महिन्यात माझ्या गुडघ्यांनी पार दम काढला होता. एका मंगळवारी पेटीत पाच नळ्या होत्या. त्यातली एक लोअर परळच्या चाळीत राहणाऱ्या, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या काकांची. दोन महिने गोळ्या घेऊनही त्यांचा खोकला हटत नव्हता, म्हणून कुठलं औषध लागू पडतंय ते बघायचं होतं. नळीत पुरेसा बेडका पडायला त्यांना तासभर लागला.

लॅबच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांची पिशवी उजेडात धरली. "ही गळलीये. नाही घेता येणार."

पिशवीमुळे बाकीच्या चार नळ्या वाचल्या होत्या. या नळीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं. निघताना प्रत्येक झाकण तपासायचं असतं. त्या दिवशी मी तपासलं नव्हतं.

दवाखान्यात फोन केला. तिथली सहकारी म्हणाली, "नमुना अपुरा, असं लिहून टाक. कोण विचारतंय?"

लिहिलं असतं तर चालून गेलं असतं. पण मग काकांना वाटलं असतं, आपल्यालाच नीट जमलं नाही. मी तशीच त्यांच्या घरी गेले. तीन जिने चढताना दोनदा बसले.

दारात काकी होत्या. "परत कित्याक? सकाळीच दिल्यानी मां?"

"दिला होता, काकी. माझी चूक झाली. झाकण मी बघितलं नाही, सगळं सांडलं."

काका आतून ऐकत होते. खोकत दारापर्यंत आले. मग म्हणाले, "आज आता जमायचं नाही. उद्या सकाळी लवकर ये."

दुसऱ्या दिवशी ते गॅलरीच्या टोकाला मोकळ्या हवेत उभे राहिले, मी मास्क लावून लांब थांबले. खोकता खोकता ते कठडा धरून खाली बसले. जवळ जायचं नसतं, म्हणून गेले नाही. ते बघत उभं राहणं मला जड गेलं.

त्या नळीचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. नेहमीच्या गोळ्यांतली मुख्य गोळीच त्यांना लागू पडत नव्हती. औषधं बदलली. नव्या औषधांनी अंग काळवंडलं, पायांना मुंग्या यायच्या, जेवण जाईना. काकी रोज समोर बसून गोळ्या घ्यायला लावत. खूप महिन्यांनी ते बरे झाले.

परवा प्रभादेवीला एका वरातीत दिसले. गणवेशात होते, हातात झांजा.

"ट्रम्पेट?" मी विचारलं.

"फुंकायला जातो आणि अर्ध्यावर श्वास संपतो. झांजांना दम लागत नाही."

"वेळेवर जेवत जा, काका," मी एवढंच म्हणाले.